सोमवारची आगाऊ छडी

३ फेब्रुवारी, सोमवार

सुईंऽऽ. आधी हवा कापल्याचा बारीक आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग तळहातावर फट्. हा आवाज मी शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता. आज सकाळी आमच्याच दिवाणखान्यात ऐकला. मी खुर्चीत चहा घेत बसलो होतो आणि एका परक्या माणसाने काखेतली लांबलचक गुंडाळी काढून एका झटक्यात भिंतीवर उलगडली. सुईंऽऽ. माझा उजवा हात आपोआप पुढे गेला. त्यात कपबशी असल्यामुळे चहा गालिच्यावर सांडला.

छडी आमच्या गुरुजींची. दर सोमवारी पहिल्या तासाला ते सगळ्या वर्गाला एकेक छडी द्यायचे, आगाऊ. आठवडाभरात पोरं काही ना काही करणारच, मग शनिवारपर्यंत वाट कशाला बघायची, असं त्यांचं म्हणणं. देऊन झालं की कपाळावरचा घाम पुसायचे आणि कविता शिकवायला घ्यायचे. तशा कविता पुन्हा कोणी शिकवल्या नाहीत. हात चुरचुरत असला की यमक फार पक्कं बसतं.

गुंडाळी नकाशाची होती आणि तो माणूस लष्कराचा. त्याचं नाव मला सांगितलं नाही, म्हणून मी त्याला नकाशावाला म्हणतो. नकाशा त्याने माझ्या अक्षरांच्या तक्त्यावरच टांगला. चष्म्याचं दुकान विकलं तेव्हा तेवढा एक तक्ता मी घरी आणला होता. आता त्यातलं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर तेवढं नकाशाच्या वर डोकावतं.

सूनबाई परराष्ट्र खात्यात आहे, कायद्याच्या बाजूला. दुसऱ्या देशाशी भांडताना आपलं बरोबर आहे की नाही, ते ती सरकारला लिहून देते. आधी विचारून मग भांडणारं सरकार आहे याचं मला कौतुक वाटतं. तिच्या कचेरीचं छत गळतंय, शिवाय तिथे भिंतींना कान आहेत, म्हणून दोन आठवडे कचेरी आमच्याकडे. तिचे वरिष्ठ, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, त्यांनी विचारलं की घरात आणखी कोण असतं. ती म्हणाली, मुलं नाहीत, नवरा छावणीवर आहे, सासरे असतात. ते काय करतात? कविता म्हणतात. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी एक चौकशीवाला येऊन गेला. परदेशात कोणी नातेवाईक आहेत का, म्हणाला. मी नाही म्हटलं, आणि ते खरं आहे. बगळ्या नातेवाईक नव्हे, मित्र. आणि नदीपलीकडच्या काठाला परदेश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लहानपणी आम्ही दप्तर डोक्यावर बांधून तिकडे पोहत जायचो. शाळा तिकडे होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला न्यायाधीश केलं.

त्यांच्या खात्याची एक रीत आहे. नाजूक प्रकरण आलं की आधी आपापसात खोटा खटला चालवून बघायचा. एकाने आपली बाजू मांडायची, एकाने शत्रूची, तीही जीव तोडून, आणि तिसऱ्याने निकाल द्यायचा. खऱ्या, जगाच्या न्यायालयात उभं राहावं लागलं तर आपण टिकू की नाही हे त्यातून कळतं. निकाल द्यायला कायदा न कळणारा माणूस बरा, त्याला पटलं तर कोणालाही पटेल, असं मोठे साहेब म्हणाले आणि तिघांनी माझ्याकडे पाहिलं. झगा म्हणून मला सूनबाईचा काळा रेनकोट दिला. आत फार उकडतं.

प्रकरण मला समजलं ते असं. अठरा तारखेच्या पहाटे आपल्या विमानांनी पलीकडच्या काठावरचं होड्या बांधायचं एक आवार उडवलं. गेल्या महिन्यात त्याच सुमाराला माझी दाढ काढली होती आणि बातम्या तर डॉक्टरांनी रक्तदाबापायी कधीच्याच बंद केल्यात, त्यामुळे माझ्या कानावर आलं नसावं. पलीकडच्यांनी आपल्यावर हल्ला केला नव्हता. मोठे साहेब म्हणाले, केला नव्हता, पण करणार होते. होड्या एकमेकींना जोडून तरता पूल करायचा आणि सैन्य इकडे आणायचं, असा बेत होता. धोका उंबरठ्यावर उभा होता.

हे उंबरठा प्रकरण महत्त्वाचं आहे. जगाची जी सनद आहे तिच्या एक्कावन्नाव्या कलमात लिहिलंय की हल्ला झाला तर प्रतिकाराचा हक्क. होण्याआधी काय, यावर विद्वानांची जुंपलेली आहे. त्याहून जुना एक दंडक आहे, कोणी तरी कोणाचं तरी जहाज पेटवून धबधब्याकडे सोडून दिलं होतं त्या भांडणातून निघालेला. त्याप्रमाणे गरज तत्काळ हवी, अनावर हवी, दुसरा मार्ग उरलेला नसावा आणि विचार करायला क्षणाचीही सवड नसावी. एवढं असेल तरच आधी हात उचलायचा. मला तो दंडक आवडला. म्हणून पाहिला तर चालीत बसतो.

सूनबाई पलीकडच्यांची बाजू मांडत होती. ती म्हणाली, होडी बांधणं म्हणजे हल्ला नव्हे. नदीकाठचे लोक होड्या नाही बांधणार तर काय बांधतील. मोठे साहेब सुंदर बोलले, पण हातातला कागद ते इतका लांब धरतात की त्यांचा जवळचा नंबर वाढलाय हे माझ्या लक्षात आलं आणि थोडा वेळ मी त्यातच गुंतलो.

निकाल पलीकडच्यांच्या बाजूने दिला. साहेब म्हणाले, "काका, तुम्ही आपल्याकडचे आहात." मी म्हटलं, हो, पण सध्या रेनकोटात आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज नकाशाजवळ जाऊन पाहिला. साहेब ज्याला 'लक्ष्य क्रमांक दोन' म्हणतात त्या तांबड्या वर्तुळात माझी शाळा आहे.

नकाशात शाळा म्हणून लिहिलेलं नाही, पण नदीचं ते वळण मी झोपेत ओळखीन. घाट, घाटावर होड्यांचं आवार, आवाराला लागून शाळा, शाळेमागे गल्ली. गल्लीत बगळ्याचं घर. मी नकाशावाल्याला विचारलं की या वर्तुळातल्या माणसांचं काय झालं. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, पहाटेची वेळ, शाळा रिकामी, मनुष्यहानी नगण्य.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. बगळ्या नगण्यात मोडतो की नाही हे कोणाला विचारायचं. आम्ही रविवारीच फोनवर बोलतो आणि गेले तीन रविवार त्याच्याकडचा फोन बंद होता. अंगाने काडी, मान लांब, शिक्षा म्हणून एका पायावर उभं केलं की तासन्‌तास हलायचा नाही, म्हणून बगळ्या. तो मला चष्म्या म्हणतो. बाकी ज्यांनी मला चष्म्या म्हटलं असतं ते सगळे गेले.

आधीमधी फोन केला तर तो दचकेल. रविवारपर्यंत थांबतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा खटला, पुन्हा आपण हरलो.

आज मी साहेबांना मध्येच थांबवून गुरुजींच्या सोमवारच्या छडीबद्दल सांगितलं. न्यायाधीशाला तेवढी मुभा असते. साहेब खूश झाले. म्हणाले, बघा, तुमच्या गुरुजींना आमचा मुद्दा कळला होता. दहशत वेळेवर बसवली की पुढचं टळतं.

मी म्हटलं, टळायचं नाही. छडी खाल्लेली असायची, ती फुकट कशी घालवायची. मंगळवारपासून आम्ही पद्धतशीर खोड्यांना लागायचो. मनात जराही चुटपुट नसायची, शिक्षा भोगून झालेली होती. ज्या पोरांच्या डोक्यात काही नव्हतं तीसुद्धा मधल्या सुट्टीत बसून विचार करायची की आपल्या वाट्याचं काय करावं. शाळेच्या विहिरीत फळा टाकला गेला तो याच हिशेबाने.

नकाशावाला हसला आणि लगेच गंभीर झाला. साहेब हसले नाहीत. सूनबाईने विचारलं, "सगळीच मुलं खोड्या करायची, बाबा?"

बगळ्या नाही, मी म्हटलं. त्याने सबंध शाळेत एक खोडी केली नाही. तरी दर सोमवारी सगळ्यात पहिला तोच उठायचा, न बोलावता, हात पुढे करून. आधीच घेऊन टाकतो, गुरुजी, म्हणायचा. गुरुजींनाही त्याची भारी माया. त्याची छडी जरा हळू असायची, असं मला वाटतं.

 सूनबाईने पेनाचं टोपण काढून काहीतरी लिहिलं. घरातल्या गोष्टींतही तिचं किती लक्ष असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

बगळ्या जिवंत आहे. पहिल्याच घंटीला त्याने फोन उचलला. गेले तीन आठवडे वायर तुटलेली होती, उंदराने खाल्ली म्हणे.

आमची पद्धत अशी की आधी मी एक ओळ म्हणायची आणि पुढची त्याने. मग तब्येतीचं. आज मी पद्धत मोडली. म्हटलं, बगळ्या, तू वाचलास, फार बरं वाटलं. कशातून, म्हणाला. मी म्हटलं, अरे, ते अठरा तारखेचं. होड्यांचं आवार उडालं ते. शाळा गेली याचं मला फार लागलंय, मी रीतसर दुखवट्याला येऊ शकत नाही, एवढं समजून घे.

तो म्हणाला, शाळा कुठे गेलीय, मी खिडकीतून बघतोय. पोरं भिंतीवर बसलीत.

मी त्याला समजावलं. पहाटे, विमानं, लक्ष्य क्रमांक दोन, सगळं. मोठ्या माणसांच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय हेही सांगितलं, पण कोणाच्या ते सांगितलं नाही, कारण घरातलं बोलणं बाहेर न्यायचं नाही असं सूनबाईने बजावलंय.  मग बगळ्याने विचारलं, "चष्म्या, कितवी तारीख म्हणालास?" मी पुन्हा सांगितली. त्याने पुन्हा विचारलं.

विषय बदलावा म्हणून मी आमची नदीची ओळ घेतली:

नदी काठाला म्हणे, थांब रे, मी येते जाऊन

पुढची ओळ आली नाही. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा. नंतर बोलतो, म्हणाला आणि फोन ठेवला.

मला त्याची काळजी वाटते. घरामागे एवढा स्फोट होऊन माणसाला आठवत नाही आणि पडलेली शाळा त्याला उभी दिसते, म्हणजे डोळे तरी गेलेत किंवा डोकं.

१० फेब्रुवारी, सोमवार

विशेष काही नाही. आपण हरलो. रेनकोटाचं एक बटण तुटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज घरात फार धांदल. नकाशावाला आकाशातून काढलेले नवे फोटो घेऊन धापा टाकत आला. पलीकडे हालचाल सुरू झाली आहे. होड्या आवारातून काढून कुठेतरी नेल्यात. गल्लीत गाड्या लागल्यात, गाद्या, भांडी, पोरंबाळं चढवतायत. शाळेचं मैदान ओस.

मोठ्या साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. म्हणाले, हेच पाहिजे होतं. हल्ला करायच्या आधी माणूस पहिल्यांदा आपली पोरं मागे नेतो. आता धोका उंबरठ्यावर नाही, आत आलाय. आजवर आपला खटला ज्या जागी लंगडत होता ती जागा भरली.

सूनबाई म्हणाली, होड्या पाण्याकडे नेल्यात की पाण्यापासून लांब? नकाशावाल्याने फोटो फिरवून पाहिला. लांब, म्हणाला. साहेब म्हणाले, दडवायला.

मला हा प्रकार थोडा चमत्कारिक वाटला. आवार उडालं असेल तर होड्या आल्या कुठून. पण रेनकोट घातलेला नव्हता, म्हणून बोललो नाही.

संध्याकाळी मुलाचा छावणीवरून फोन. तो लष्करात इंजिनियर आहे. दोन महिने झाले, आपल्या काठावर खंदक खणतोय. जेवण बरं आहे, पाठ दुखते. म्हणाला, "बाबा, तुमच्या शाळेची घंटा इकडे ऐकू येते. आम्ही तिच्यावर घड्याळं लावायचो. परवापासून वाजत नाही, करमत नाही." मी म्हटलं, एवढी बॉम्बफेक झाल्यावर कशी वाजेल. कसली बॉम्बफेक, तो म्हणाला आणि लाइन कट झाली. छावणीवरच्या फोनचं नेहमीचंच आहे.

मग मात्र मला झोप येईना. गेल्या महिन्यात उडालेल्या शाळेची घंटा परवापर्यंत कोण वाजवत होतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सूनबाईला विचारलं. घंटेचं सांगितलं. ती चहा ओतत होती, ती ओततच राहिली आणि कप भरून वाहिला. आमच्या घरात चहाला सध्या बरे दिवस नाहीत.

"बाबा, रविवारी बगळेकाकांशी काय बोललात?"

मी म्हटलं, मुख्यतः कविता. आणि शाळेबद्दल दुखवटा व्यक्त केला.

"तारीख सांगितलीत?"

हो, त्याला आठवत नव्हती, दोनदा सांगितली.

ती खुर्चीत बसली आणि शांतपणे मला समजावून सांगितलं. हल्ला झालेला नाही. हल्ला व्हायचा आहे, येत्या मंगळवारी, अठरा तारखेला, आणि तो कायदेशीर आहे असं मत तिने सोमवारी सहीनिशी द्यायचं आहे. त्या मताशिवाय मंत्रिमंडळ विमानांना हुकूम देणार नाही. खोट्या खटल्यात सगळं घडून गेल्यासारखं बोलायची त्यांची पद्धतच आहे, म्हणजे बाजू नीट मांडता येते.

मी विचारलं, म्हणजे हे लोक अजून न केलेल्या हल्ल्याचा बचाव, अजून न भरलेल्या खटल्यात, आधीच करून ठेवतायत? ती हो म्हणाली.

"आणि शाळा?"

"उभी आहे."

मला इतका आनंद झाला की मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती गॅलरीत गेली आणि कठडा धरून बराच वेळ उभी राहिली. तिला पित्ताचा त्रास आहे, मी कधीपासून सांगतोय, उपाशीपोटी चहा घेऊ नको म्हणून.

दिवस आनंदात गेला. संध्याकाळी जेवताना मात्र एक गोष्ट मनात आली. पलीकडचे लोक मी सांगितल्यामुळे घरं सोडून पळतायत, आणि ते पळतायत म्हणून साहेब म्हणतात ते चालून येतायत. आणि खरोखर काही सुरू झालं तर उलट मार पहिला येणार तो आपल्या काठावर, जिथे मुलगा खंदक खणतोय. भात तसाच ठेवून उठलो. चूक कुठे झाली ते मला अजून नेमकं सापडलेलं नाही. चौकशीवाल्याने मित्र आहेत का असं विचारायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेवटचा खटला. साहेब आज फार तयारीने बोलले. नव्या फोटोंचा मुद्दा त्यांनी तीन अंगांनी घोळवला. गरज तत्काळ होती, अनावर होती, दुसरा मार्ग नव्हता, विचार करायला क्षणाची सवड नव्हती.

मी म्हटलं, साहेब, तुम्ही दोन आठवडे माझ्या घरात बसून विचारच करताय.

साहेब म्हणाले, तो कायदेशीर विचार, त्याची गोष्ट वेगळी.

मग सूनबाई उभी राहिली, पण आज ती पलीकडच्यांची बाजू मांडत नव्हती. आवाजावरूनच कळलं. म्हणाली, "साहेब, ते लोक पुढे येत नाहीयेत. पळतायत. आणि का पळतायत ते मला माहीत आहे." आणि माझा रविवारचा फोन तिने साहेबांना सांगून टाकला, अगदी दुखवट्यासकट.

 नकाशावाला फोटो गोळा करायला लागला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे बघतात तसं, मान मागे नेऊन. मी आपला निकाल देऊन टाकला, कारण शांतता फार झाली की न्यायाधीशाकडेच सगळे बघतात. पलीकडच्यांच्या बाजूने.

साहेबांनी स्वतःच्या हाताने माझा रेनकोट उतरवला. फार सौजन्याने. बाही उलटी झाली ती सरळही करून दिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

बगळ्याला तीनदा फोन केला. वाजतो, उचलत नाही. इतका वेळ रिकाम्या घरात वाजणाऱ्या फोनचा आवाज मी आजवर मुद्दाम ऐकला नव्हता. तो इकडून ऐकला तरी खोली रिकामी आहे हे कळतं.

साहेब दुपारी येऊन गेले. मी आत पडलो होतो, दार अर्धवट होतं. ते सूनबाईला सांगत होते की फोनचा मुद्दा मतात यायला नको. म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांचा फोन आणि तुमची सही, दोन्ही एका कपाटात सुरक्षित राहू शकतात. नाहीतर दोन्ही बाहेर येतील. त्यांचं वय बघता मला ते बरं वाटत नाही."

आमच्याकडे कपाटं कमी पडतात हे त्यांच्याही लक्षात आलंय. आणि माझ्या वयाची काळजी घरच्यांखेरीज इतक्या मनापासून कोणी केली नव्हती.

सूनबाई म्हणाली, विचार करते. साहेब म्हणाले, विचाराला आता सवड नाही. यावर ती हसली. या पंधरवड्यात पहिल्यांदाच.

रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं की मुलाचा फोन पुन्हा आला तर त्याला काय सांगायचं. मी म्हटलं, पाठीला शेक घे म्हणावं. ती म्हणाली, तो तिथे सगळ्यांत पुढच्या खंदकात आहे, बाबा. मी म्हटलं, ते मला गुरुवारपासून माहीत आहे. मग आम्ही दोघं जेवलो. तिने मला कविता म्हणायला सांगितली. असं तिने कधी सांगितलं नव्हतं. नदीची म्हटली. एकच ओळ म्हणून थांबलो, कारण पुढची माझी नाही, बगळ्याची.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठे साहेब सकाळी एकटेच आले. नकाशा अजून भिंतीवरच होता आणि वर माझं मोठं अक्षर. साहेबांनी टेबलावर एक कागद ठेवला. एकच पान, खाली सहीची रिकामी जागा. दोन आठवड्यांचं एवढंसंच निघालं.

सूनबाईने तो वाचला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा, तुरुंगात वाचनालय असतं का?"

मी म्हटलं, असावं. पण मला पुस्तक लागत नाही, सगळं पाठ आहे. चष्माही एक जास्तीचा आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांशी बोलून आली होती, तेव्हा तिचा चेहरा असाच होता. तेव्हाही तिने मला खरं तेच सांगितलं होतं. तिने पेनाला टोपण लावलं आणि कागद साहेबांकडे सरकवला.

"यात एक वाक्य राहिलंय, साहेब. ते लोक का हलले, त्याचं."

"ते वाक्य घातलं तर उद्याच्या पहाटेला अर्थ काय राहणार?"

"तोच राहील, जो आत्ता आहे."

साहेबांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, मला हे करायचं नव्हतं, पण आता फोन करावा लागेल. खिशातून फोन काढून हात पूर्ण लांब केला, तरी नंबर दिसेना. मी माझा चष्मा पुढे केला. जवळचं नीट दिसेल, म्हटलं. त्यांनी तो घेतला नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

फोन लागायच्या आधीच माणसं दारात. आपलं खातं एवढं तत्पर झालंय याची मला कल्पना नव्हती. सूनबाई उठायला लागली. मी म्हटलं, बस, माझ्यासाठी असतील. सदऱ्याची बटणं लावली, जास्तीचा चष्मा खिशात टाकला आणि दाराशी गेलो. कडीला हात लावला आणि बाहेरून घोगरा आवाज आला, अगदी सपाट, वर्गात पाठ म्हणून दाखवतात तसा:

काठ म्हणे, किती युगे तू जातेस असे सांगून

दार उघडलं. बगळ्या. मान तेवढीच लांब, बाकी सगळा आखडलेला. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, काखेत वळकटी, चष्म्याची एक काच तडकलेली. म्हणाला, डोळे तपासायच्या परवान्यावर होडीवाले अजून या काठाला सोडतात, म्हणून काच वाटेत मीच दगडाने फोडली. मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीवर नकाशा, टेबलाशी सूनबाई, हात लांब करून फोन धरलेले साहेब.

"उद्याच ना ते?" म्हणाला. "म्हटलं, तोवर तुझ्याकडेच राहावं. स्वतःच्या घरावर तर तुम्ही टाकणार नाही."

वळकटी त्याने उंबरठ्यावरच टाकली, अशी की दार लावता येऊ नये. मग समोर नेमकं कोण आहे हे त्या तडकलेल्या काचेतून त्याला दिसलं की नाही कोण जाणे, पण त्याने पाय जुळवले आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं सरळ.

"आज सोमवार आहे," तो म्हणाला. "म्हटलं, आधीच घेऊन टाकतो."

आतून सूनबाईचा आवाज आला. "साहेब, फोन जरा थांबवा. लक्ष्य क्रमांक दोन दारात आलंय."

बगळ्याने हात मागे घेतला नव्हता.